बॅगांजवळ कोण बसणार

आई – बीचवर बॅगा. एवढे तीनच शब्द. माझ्या मुलानं, मिहिरनं, घरच्या ग्रुपवर सहलीची यादी टाकली होती. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या होत्या, कोकणात जायचं ठरलं होतं, आणि ज्याच्या त्याच्या नावापुढं त्याचं काम लिहिलं होतं. मिहिर – गाडी. बाबा – पुढची सीट, रस्ता बघणे. आसावरी – श्रियाचे कपडे, औषधं, खाऊ. श्रिया – मजा, आणि त्यापुढं दोन फुगे. सगळ्यात खाली मी. ऑफिसात अकरा वाजून गेले होते, पुढ्यात टेलकडच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाच्या, गावांचे पाणी अर्ज होते, शिक्का शाईला लावून मी उचलला होता तो तसाच हातात राहिला. तेवढ्यात यादीखाली ह्यांचा, म्हणजे आमच्या नारायणरावांचा, अंगठा आला. मग सुनेचा, आसावरीचा आला. नात श्रिया सात वर्षांची आहे, आईच्या फोनवरून तीही असले अंगठे देत असते, तेव्हा तिसरा तिचा असणार. माझ्या छातीत काहीतरी जळजळलं. आधी वाटलं सकाळची मिसळ बाधली. मग लक्षात आलं, राग आलाय. इतक्या वर्षांनी आला की ओळखू आला नाही.

एकतीस वर्षं मी पाटबंधाऱ्याच्या शाखेत कारकून आहे, येत्या जूनमध्ये रिटायर होईन. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, कुठल्या चारीला कुठल्या वारी किती वाजता पाणी, कुणाचा नंबर आधी नि कुणाचा शेवटी, हे कागदावर मांडायचं माझं काम. लोक फोन करतात, बाई पाणी कधी येणार, मी वार आणि वेळ सांगते, आणि बहुतेक वेळा त्या वारी त्या वेळी पाणी येतं. मला ह्याचा गर्व आहे, खोटं कशाला बोलू. बारामतीत बसून इंदापूर तालुक्यातल्या कुठल्या शेताच्या बांधावर किती वाजता ओल येईल हे मी सांगू शकते. आणि ह्या माझ्या घरच्यांनी मला बॅगांवर नेमलं होतं, मला न विचारता, जसं ऑफिसात सगळ्यात नव्या माणसाला चहाच्या फेरीवर नेमतात. मी शिक्का खाली ठेवला. ग्रुपवर लिहिलं, मी येणार नाही. पाठवलं. मग कळसच्या एका आबांचा अर्ज पुढं ओढला आणि त्यावर शिक्का असा मारला की शेजारच्या टेबलावरचे दीपक साहेब दचकून बघायला लागले.

संध्याकाळी हे टीव्हीसमोर होते. "येणार नाही म्हणजे? काय दुखतंय?" म्हणाले. काही दुखत नाही म्हटलं. "मग?" मला बॅगांजवळ बसायचं नाही म्हटलं. "नको बसू. हॉटेलात पड आरामात." हे वाईट माणूस नाहीत. कारखान्यात चौतीस वर्षं केली, घरी कधी आवाज चढवला नाही, जेवताना मीठ कमी असलं तर न बोलता उठून घेतात. पण त्यांच्याशी भांडायचं म्हणजे भिंतीला पाठ घासण्यासारखं आहे, खाज जात नाही आणि भिंतीला काही कळत नाही. वर म्हणाले, "आणि समुद्रात बघायचं काय असतं गं एवढं? आपली उजनी हाय की भिगवणला. पलीकडचा काठ दिसत नाही. पुण्याचे लोक रोहित पक्षी बघायला येतात तिथं." मी म्हटलं, उजनी मी बघितलेली आहे. त्यात किती पाणी आहे ते रोज टक्क्यांत माझ्या टेबलावर येतं. मला असं पाणी बघायचंय ज्याचे टक्के कुणी काढत नाही. हे मी मोठ्यानं बोलले की मनात, आता आठवत नाही. मिहिरचा फोन आला, ह्यांनी तो स्पीकरवर टाकला. "अगं आई, तुला पाणी आवडत नाही म्हणून तसं लिहिलं. उगाच तुला त्रास नको."

"कोण म्हणालं मला पाणी आवडत नाही?"

"तूच," मिहिर म्हणाला. "मी लहान असल्यापासून तूच म्हणत आलीयेस."

खरं होतं. मीच म्हणाले होते, आणि कधी म्हणाले तेही मला ठाऊक होतं. लग्नाला पाच महिने झाले होते. सासरची नऊ माणसं भाड्याच्या जीपमधून अलिबागला गेलो, मधल्या सीटवर सासरे आणि चुलतसासरे, मी मागं, नणंदेच्या मांडीला मांडी लावून. आणि पहाटे उठून बघते तो माझी पाळी आलेली, चार दिवस आधी. सांगणार कुणाला? सासूबाईंना सांगितलं असतं तर वेगळी बसवली असती आणि जीपमध्ये वेगळं बसायला जागा नव्हती. ह्यांना सांगायचं तर हे तेव्हा मला नीट हाकही मारत नव्हते, अगं आणि अहोच्या मध्येच कुठंतरी घुटमळायचे. किनाऱ्यावर सगळे धावले, नणंदेनं माझा हात ओढला, वहिनी चला की. आणि मी म्हणाले, मला नाही बाई आवडत पाणी. एका दमात, हसून. एका दिवसापुरती थाप होती ती. मला वाटलं संध्याकाळपर्यंत विसरतील. नऊ जणांच्या चपला, दोन पिशव्या, एक थर्मास माझ्या पुढ्यात आले, सासऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या तळहातावर ठेवलं, जपून हं. तीन तास मी ते घड्याळ धरून बसले. पट्टा घामानं ओला झाला. वाळू इतकी तापली होती की मांडी घातली तरी खालून चटका यायचा, आणि समोर पाणी येत होतं, जात होतं, माणसं किंचाळत होती, आणि मला सारखं वाटत होतं की पोटात दुखतंय ते आणि हे समोरचं एकाच कसल्यातरी तालावर चाललंय आणि ह्यातलं काही मला कुणाला सांगता येणार नाही. मग सगळे थेंब गाळत परत आले, माझ्या अंगावर पाणी उडवलं, म्हणाले, तू यायला हवं होतंस.

दुसऱ्या वेळी मिहिर चार वर्षांचा होता. त्याचा कान फुटलेला, डॉक्टरांनी पाण्यात नेऊ नका म्हणून बजावलेलं, तेव्हा त्याला घेऊन कुणीतरी बसायलाच हवं होतं, आणि पाणी न आवडणारी बाई घरात असताना दुसरं कोण बसणार. तिसऱ्या वेळी सासूबाईंचे गुडघे गेले होते. त्या आणि मी, दोघी छत्रीखाली, मध्ये बॅगांचा ढीग. त्या जरा पेंगल्या, मग जाग्या झाल्या, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तू जा की गं. मी बघते चपला." असं त्या म्हणाल्या! माझ्या आयुष्यात मला कुणी एकदाच हे म्हणालं आणि ते त्यांनी म्हणावं. आणि मी काय बोलले असेन? नको, मला नाही आवडत. तोवर मला ते खरं वाटायला लागलं होतं. इतक्या वेळा बोलले होते की त्या थापेला माझा आवाज आला होता. यादी आली त्या रात्री ह्यांचा, मिहिरचा, नणंदेचा राग करता करता मी शेवटी ह्या वाक्यापाशी येऊन थांबले आणि स्वतःवर अशी चिडले की उठून पंखा लावला. हे म्हणाले, थंडी वाजतेय गं. वाजू दे म्हटलं.

पण त्याच्याही आधीचं एक आहे. वरकुट्याला, माझ्या माहेरी, आमचं रान चारीच्या शेवटाला. वर सगळ्यांचं भिजून झालं की आमच्याकडं पाणी. आवर्तनाच्या दिवशी दोघं भाऊ आणि गल्लीतली पोरं सकाळपासून कोरड्या चारीत उभी राहायची. पाणी लांबून यायचं ते आधी वासावरून कळायचं, तापलेल्या मातीवर कुणीतरी तांब्या ओतावा तसा वास. मग वळणावरून त्याचं तोंड दिसायचं. पाण्याला तोंड असतं हे शहरातल्या लोकांना सांगून पटत नाही. फेस, पाचट, काटक्या, मेलेले किडे पुढं ढकलत ते येतं, माणूस चालतो त्याहून जरा हळू, आणि पोरं त्याच्या पुढं उलटी पळायची, ओरडत, अंगावर घेत. मी सहा-सात वर्षांची. दादा म्हणायचा, तू हितं बस, चपला बघ. काठावर करंजाच्या झाडाखाली मी पाच-सहा जोड चपला पुढ्यात मांडून बसायची, आणि पाणी माझ्यासमोरून जायचं. मला पाणी आवडत नाही! मी पाणी आवडून आवडून त्याच्याच खात्यात नोकरीला लागले, एकतीस वर्षं त्याच्या येण्याच्या वेळा लिहिल्या, आणि अजून त्याचं तोंड माझ्या पायाला लागलेलं नाही.

ते सगळे शनिवारी पहाटे गेले. श्रियानं काचेतून हात केला. आसावरी गाडीत बसताना थांबली, मागं वळून माझ्याकडं बघितलं, मग बसली. दुसऱ्या दिवशी रथसप्तमी. ह्या वर्षी हळदीकुंकू करायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं, कुणाला वाण नाही, कुणाला तिळगूळ नाही. पण सलिमा आलीच. ती भिगवणची, इस्माईलभाईंची बायको. इस्माईलभाई आमच्याच खात्यात कालव्याच्या दारावर चौकीदार होते, पंचवीस वर्षं माझे कागद आणि त्यांची दारं एकमेकांवर अवलंबून होती. मी वेळ लिहायची, ते चाक फिरवायचे. आता ते रिटायर होऊन गाडी चालवतात, पक्षी बघायला येणाऱ्यांना स्टेशनावरून नेतात-आणतात. सलिमा दर रथसप्तमीला बोरं घेऊन येते आणि मी ईदला त्यांच्याकडं जाते, ह्यात कधी खंड नाही. तिनं घर रिकामं बघितलं, माझं तोंड बघितलं, आणि बोरांची पिशवी ओट्यावर ठेवून खालीच बसली. मी तिला सगळं सांगितलं, पाळीचंसुद्धा, जे ह्यांनाही अजून माहीत नाही. तिनं मध्ये एकदाही च्च केलं नाही.

"मग जावा की," ती म्हणाली. "तुमाला कुनी धरलंय?"

"कुठं जाऊ? सगळीकडं जत्रा असते. घोडे काय, उंट काय, त्या फुगवलेल्या केळ्यावर बसून माणसं किंचाळतात. तिथं पुन्हा मी एका कडेला उभी राहणार."

"माझी मावसभन हाय की तिकडं, मेहजबीन. समिंद्राच्या काठालाच दिलीया. दोन खोल्या बांधल्यात तिनं, येनाऱ्या-जानाऱ्याला देती. पर कोन येत न्हाय म्हनती. रस्ता वंगाळ हाय, हाटेल न्हाय, फोनलाबी कुठं कुठं रेंज न्हाय."

त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की उद्या कुठल्यातरी ग्रुपवर जाईल आणि परवा तिथं उंट येईल. सलिमानं तिथल्या तिथं फोन लावून माझ्या हातात दिला. मेहजबीनचा आवाज वाऱ्यातून येत होता. कधी येताय, खायला काय लागतं, घाटात उलटी होते का, असं तिनं सगळं विचारलं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी आम्ही तिघं येतो, सोमवारी परत. आणि मग मी माझ्या सवयीचा प्रश्न विचारला, जो लोक मला रोज विचारतात. "पाणी किती वाजता येतं?" ती जरा थांबली. "समिंद्राचं? आज साडेपाचला भरंल की." मी हाताशी असलेल्या कॅलेंडरवर पुढच्या रविवारच्या चौकोनात लिहिलं, सायंकाळी ५.३०. अक्षर ऑफिसातल्यासारखं, खाली एक रेघ.

सोमवारी संध्याकाळी मंडळी परत आली. नाकांचे शेंडे सोललेले, गाडीभर वाळू. मी चहा केला. मिहिर फोटो दाखवत होता, हे बाबा पॅराशूटकडं बघताना, ही श्रिया घोड्यावर. मी बघत होते आणि माझ्या मनात एकच प्रश्न होता, तो विचारायला मला लाज वाटत होती. शेवटी विचारला. "आणि बॅगा कुठं ठेवल्या होत्या?"

"बॅगा?" मिहिरला क्षणभर कळेचना. "गाडीतच होत्या की. डिकीत."

मी हसायला लागले. कप खाली ठेवावा लागला. हे घाबरून उठले, मिहिर म्हणाला, आई काय झालं. डिकीत! जीपला डिकी नव्हती म्हणावं तर ड्रायव्हर होता, तो दिवसभर जीपमध्येच झोपला होता. दुसऱ्या वेळी हॉटेलला खोली होती, खोलीला कुलूप होतं. कुणीच त्या बॅगा राखायला सांगितलं नव्हतं आणि कुणी त्या चोरणारही नव्हतं. मी तिथं बसत होते म्हणून त्या तिथं येत होत्या. हे इतकं सरळ होतं, आणि ते समजायला मला न जाता घरी राहावं लागलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. म्हटलं, बघू दे ह्यांना.

"मी येत्या रविवारी जातेय समुद्रावर," मी म्हणाले. "सोमवारची रजा टाकतेय."

"कुणाबरोबर?" हे.

"इस्माईलभाई आणि सलिमा."

"आणि मी?"

"तुम्ही आत्ताच जाऊन आलात की."

आठवडाभर घरात माझ्या पाठीमागं कुजबुज चालली. ह्यांनी बहिणीला फोन केला, बहिणीनं मला केला, वहिनी ह्या वयात असं काय. मी म्हटलं, ह्या वयात असंच. मिहिरनं मला चांगल्या बीचची यादी पाठवली, तारे लावलेली, हॉटेलांसकट. मी उत्तर दिलं नाही. शुक्रवारी रात्रीचं जेवण झाल्यावर आसावरी खोलीत आली, हातात घडी केलेला काळा कुडता आणि लेगिंग. "आई, साडी नका नेसू. पाण्यात पायांत येते. हे लगेच वाळतं." मी ते घेतलं. मग विचारलं, तू गेलीस का गं पाण्यात? ती म्हणाली, "घोट्यापर्यंत. श्रियाचा टॉवेल होता ना हातात." असं म्हणून ती दिवा घालवायला वळली, जशी मी वळले असते. तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी तिच्या कुडत्याकडं बघत बसले.

रविवारी सकाळी आठला गाडी दारात. इस्माईलभाईंनी हिशेब आधीच मांडला होता. "मॅडम, साडेपाचला पानी म्हंजी आपुन पाचला जाग्यावर पायजेल. नीरा, शिरवळ, भोर, तितं च्या. वरंधा घाट जपून. म्हाडात जेवन. काय घाई न्हाय." मी मागं बसले, पुढं सलिमा. हे फाटकापर्यंत आले, पाण्याची बाटली खिडकीतून दिली, फोन चालू ठेव म्हणाले. मला एकदम त्यांची कीव आली आणि तेवढ्यानंच मी खाली उतरेन की काय असं वाटलं. इस्माईलभाईंनी गाडी सुरू केली म्हणून बरं. उसाची रानं मागं गेली, मग माळ, मग डोंगर जवळ येत गेले. घाटात उतरताना कानात दडे बसले, हवा जड आणि ओलसर होत गेली, आणि मला अलिबागची ती पहाट आठवली. मी काच खाली केली. सत्तावन्न वर्षांच्या बाईची पाळी काही आता अडवायला येणार नाही, असं मी स्वतःशी म्हटलं आणि मोठ्यानं हसले. सलिमानं मागं वळून बघितलं. "काय न्हाय," मी म्हटलं. वाटेत दोन्ही माणसं सारखी वेळ बघत होती, मीही बघत होते. तिघंही आयुष्यभर पाण्याच्या वेळेवर जगलेली. सलिमासुद्धा, नवरा रात्री-बेरात्री दारावर जायचा म्हणून. पाच वाजायला दहा कमी असताना आम्ही मेहजबीनच्या दारात होतो. मी आत जाऊन आसावरीचा कुडता घातला, आरशात बघितलं नाही, आणि सगळे सुरूच्या झाडांमधून खाली गेलो.

समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण तिकडं, कुठल्या कुठं, आकाशाखाली एक चकचकीत रेघ. मध्ये सगळी ओली सपाट वाळू, तिच्यावर खेकड्यांच्या भोकांची नक्षी, दोन होड्या कुशीवर कलंडलेल्या. एक माणूस नाही. मी कॅलेंडरवर लिहिलेलं साडेपाच मनात पुन्हा वाचलं. इस्माईलभाई कमरेवर हात ठेवून त्या रेघेकडं बघत राहिले. कालवा फुटल्यावर बघायचे तसेच.

"मॅडम, हे बंद केलं जनू कुनीतरी," ते म्हणाले.

मेहजबीन मागून ओढणी सावरत आली आणि आमच्या तोंडाकडं बघून तिला हसू आवरेना. "तुमी आजचं कुठं इचारलं? तवाचं इचारलं, म्या तवाचं सांगितलं. रोज पाऊन घंटा म्होरं सरकतंय ते. आज पुनव, पार आत गेलंय. उद्या दुपारी भरंल बगा, हितं दारापातूर." असं म्हणून ती भात बघायला परत वर गेली. भूगोलात मला बावन्न मार्क होते आणि त्यात भरती-ओहोटी होती. पण एकतीस वर्षं ज्या बाईनं पाण्याला वेळ दिली तिला हे सुचणार कसं, की पाणी रोज आपली वेळ बदलतं आणि कुणाला कळवत नाही. माझे कान तापले. बारामतीहून नऊ तास. आणि ह्यांचा आवाज आतल्या आत सुरू झाला, बघ, म्हटलं नव्हतं. सलिमा म्हणाली, "जाऊ द्या ताई. बसू जरा. उद्या बगू."

"उद्या नाही," मी म्हणाले. "ते आलं नाही तर मी जाते." चपला काढल्या. पिशवी खांद्याला होती, तीत फोन, चष्म्याचं घर, टॉवेल, ह्यांनी दिलेली पाण्याची बाटली. "हे जरा धर गं," म्हणून मी पिशवी सलिमाच्या हातात दिली आणि निघाले. इस्माईलभाईंनी पँट दुमडली, घड्याळ काढलं, चपला काढल्या. पायाखालची वाळू गार, घट्ट, तिच्यावर बारीक लाटांच्या खुणा, तळव्यांना टोचणाऱ्या आणि मग न टोचणाऱ्या. वीस पावलं गेले असेन. मला वाटलं, जग किती मोठं आहे. असं काहीतरी मोठं मनात आलं आणि ते कुणालातरी दाखवावं म्हणून मी मागं वळले.

सलिमा बसली होती. सुरूच्या मुळाशी, पाय एका बाजूला घेऊन, मांडीवर माझी पिशवी. तिनं माझ्या चपला आणि इस्माईलभाईंच्या चपला जोडीजोडीनं आपल्यासमोर मांडल्या होत्या आणि उजव्या मुठीत घड्याळ धरलं होतं. माझ्याकडं बघून तिनं हात केला, जावा जावा. तोंडावर हसू होतं, अगदी खरं. मला ते हसू माहीत होतं, आतून माहीत होतं, गालाचा कुठला स्नायू दुखतो तेसुद्धा. कुणी तिला बस म्हणालं नव्हतं. धर म्हणाले होते. मी म्हणाले होते. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं तेही सांगते, लाज वाटली तरी. पहिलं आलं, बरं झालं, आता पिशवीची काळजी नाही.

मी परत फिरले. वीस पावलं जितकी सोपी गेली तितकीच ती येताना जड गेली. इस्माईलभाई वाटेत म्हणाले, काय राहिलं मॅडम. मी तशीच पुढं गेले. सलिमासमोर उभी राहिले आणि तिच्या मुठीतून घड्याळ काढून पिशवीत टाकलं.

"ऊठ."

"अवो मी बसती की हितं. मला न्हाय आवडत पानी."

"आवडत नाही?" माझा आवाज असा चढला की होडीवरचा पक्षी उडाला. "भिगवणला जन्म काढलास, आणि आवडत नाही? कुणी सांगितलं तुला? ऊठ म्हणते ना!"

ती गोंधळून माझ्याकडं बघत होती. मग नवऱ्याकडं बघितलं. इस्माईलभाई लांब उभे होते, आणि सगळं आयुष्य दारावर काढलेला तो माणूस, पाणी सोडायचं की नाही ते वरून कळल्याशिवाय चाक न फिरवणारा, मान हलवून म्हणाला, "व्हय गं, ये." तिनं पिशवी छातीशी धरूनच उठायचा प्रयत्न केला. मी ती घेतली आणि चपलांशेजारी वाळूत ठेवली.

"आन् कुनी न्हेली तर?"

"नेऊ दे."

"भरती आली तर वाहून जाईल की वो, फोनबीन."

"जाऊ दे."

आम्ही चालायला लागलो. तिचा हात मी सोडला नाही, कारण सोडला तर ती मागं बसेल ह्याची मला खात्री होती, आणि कदाचित मी पण. वाळू मऊ होत गेली, मग पातळ, मग तिच्यावर पाण्याची एक बोटभर चादर आली आणि गेली. मागून कुठूनतरी फोन वाजत होता, बारीक, वाऱ्यात तुटक. हे असणार. पोचलीस का विचारायला. रेंज नसते म्हणे इथं, आणि नेमका आत्ता लागला. सलिमाची बोटं माझ्या हातात आवळली. मग पाण्याचं तोंड आलं. फेस होता, एक काटकी होती, मेलेले किडे तेवढे नव्हते, आणि ते थेट माझ्या नडगीवर आपटलं, गार, खारट उडालं ओठांवर, पायाखालची वाळू पळाली आणि मी आणि सलिमा दोघी एकदम किंचाळलो, केळ्यावर बसलेल्या बायकांसारख्याच. इस्माईलभाई पुढं गुडघाभर पाण्यात उभे राहून हसत होते. आणखी एक आलं. आणखी एक. आसावरीला म्हणायला हवं होतं ते मला तिथं सुचलं. पुढच्या वेळी तिला आणायची, टॉवेल घरी ठेवून. फोन वाजायचा थांबला की आमच्या ओरडण्यात बुडाला, सांगता येत नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. सलिमाची सलवार मांडीपर्यंत भिजली होती, ओढणी गळ्यात गुंडाळलेली, आणि ती मधेच दम घेऊन म्हणाली, "ताई, पिशवी दिसती का वो तुमाला?"

"म्या बगितलं न्हाय," मी म्हणाले.